घर विकायला काढताना आधी ओल काढा, मग रंग लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या शनिवारच्या पुरवणीत रिसेलचा फ्लॅट विकायच्या आधी तो कसा सजवायचा, यावर अख्खं पान होतं. हलके रंग, नवे पडदे, कोपऱ्यात कुंडी, हॉलमध्ये एका भिंतीला पॅनेलिंग, वॉर्म लाइट असं सगळं. फोटो छान होते आणि त्यातलं काही उपयोगाचंही होतं, पण जुन्या बिल्डिंगमधला फ्लॅट विकताना ज्यावरून खरी भांडणं होतात त्याबद्दल त्या पानावर एक ओळ नव्हती म्हणून हे पत्र लिहितेय. जरा मोठं झालंय, जमलं तर काटछाट न करता छापा.

मी कोथरूडमधल्या एका सोसायटीची बरीच वर्षं सेक्रेटरी आहे. बिल्डिंग १९८८ ची, भिंतींवर नाही तर कॉलम-बीमवर उभी (आरसीसी), तीन मजले, लिफ्ट नाही. मूळचे सभासद आता सत्तरी-ऐंशीत, मुलं बंगलोर नाहीतर परदेशात, त्यामुळे दरवर्षी एखाद-दुसरा फ्लॅट विक्रीला निघतोच आणि चावी बहुतेक वेळा माझ्याकडे असते. घर बघायला येणारी माणसं, ब्रोकर, बँकेचा व्हॅल्युअर (कर्जाआधी घराची किंमत तपासणारा), पेंटर, प्लंबर सगळे माझ्या दारावरून जातात. एनओसी, नो ड्यूज, शेअर सर्टिफिकेटवरची (सोसायटीच्या सभासदत्वाच्या दाखल्यावरची) ट्रान्सफरची नोंद हेही माझ्याकडेच. म्हणजे घर सजण्याच्या आधी, सजताना आणि विकून झाल्यावर पहिल्या पावसात, तिन्ही वेळा मी ते बघते.

आणि ओलीच्या भिंतीवर पुट्टी मारून घर विकायची जी पद्धत पडत चाललीय ती थांबली पाहिजे, हे माझं म्हणणं आहे. घर नीटनेटकं करून दाखवायला माझा अजिबात विरोध नाही, उलट आमच्याकडे लोक ते करतच नाहीत ही माझी तक्रार आहे. पण नीटनेटकं करणं वेगळं आणि झाकणं वेगळं.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे वरच्या मजल्यावरचा एक फ्लॅट विकला गेला. बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल यायची, हे घरातल्या सगळ्यांना माहीत, कमिटीलाही माहीत, त्यावर मीटिंगा झालेल्या. मालक बाहेरगावी, त्यांनी ब्रोकरला सांगितलं काय ते करून घ्या. ब्रोकरने मार्चमध्ये माणसं लावून पोपडे खरवडले, वरून पुट्टीचे दोन हात, आणि त्याच भिंतीवर पलंगाच्या मागे पीव्हीसीचे ते उभ्या रेघांचे पॅनल ठोकले, वर एलईडीची पट्टी. फोटोत हॉटेलची खोली वाटत होती. मी त्या ब्रोकरला आणि मालकांना फोनवर सांगितलं होतं की बाहेरून क्रॅक भरल्याशिवाय हे टिकणार नाही, त्यावर उत्तर मिळालं की आता विकतोयच तर कशाला. घेणारं जोडपं तरुण, दोघांच्या पगारावर वीस वर्षांचं कर्ज, एप्रिलमध्ये राहायला आले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पॅनलच्या फटींतून काळी बुरशी दिसायला लागली, पॅनल काढले तर मागे सगळी भिंत ओली आणि प्लास्टर हाताने निघत होतं, त्यांचं बाळ सात-आठ महिन्यांचं, रात्रभर खोकायचं. मग ते मालकांना फोन करतायत, मालक उचलत नाहीत, ब्रोकर म्हणतो माझं काम संपलं, आणि शेवटी ते दोघं माझ्या दारात उभे. त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो. सोसायटीने बाहेरच्या भिंतीचं काम नंतर करून दिलं कारण बाहेरून पावसाचं पाणी येत असेल तर ते सोसायटीचंच काम आहे, पण आतलं प्लास्टर, रंग, वाया गेलेले पॅनलचे पैसे आणि तो सबंध पावसाळा त्यांना कोण भरून देणार.

इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे, त्याच्या कलम ५५ मध्ये विकणाऱ्याची पहिलीच जबाबदारी ही दिलीय की मालमत्तेत मोठा दोष असेल, तो विकणाऱ्याला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि साधारण काळजीने बघून त्याला तो सापडण्यासारखा नसेल, तर विकणाऱ्याने तो सांगायचा. आणि न सांगणं ही फसवणूक धरली जाईल असंही त्याच कलमात लिहिलंय. म्हणजे उघड्यावर दिसणारे पोपडे घेणारा स्वतः बघू शकतो, पण तुम्ही त्यावर पॅनल ठोकलात की तो दोष न सापडणारा तुम्हीच केलात. लोकांना वाटतं रेरा, म्हणजे बिल्डरवर नियंत्रण ठेवणारा कायदा, आहे ना. रेरात बांधकामातल्या दोषाची पाच वर्षांची जबाबदारी आहे ती प्रमोटरवर म्हणजे बिल्डरवर, नव्या प्रोजेक्टसाठी. तीस-पस्तीस वर्षं जुन्या बिल्डिंगमध्ये एका माणसाने दुसऱ्याला विकलेल्या फ्लॅटला त्याचा काही उपयोग नाही. तिथे घेणाऱ्याकडे असतो तो विकणाऱ्याचा शब्द आणि हा जुना कायदा.

बरं, ओल काढायला काही लाखो रुपये लागतात असंही नाही, म्हणून जास्त वाईट वाटतं. आमच्याकडच्या बहुतेक गळती तीन ठिकाणच्या. एक गच्ची, म्हणजे ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा गच्चीवरचा थर) जुना होऊन त्याला चिरा गेलेल्या. दुसरी बाहेरच्या भिंतीच्या क्रॅक आणि खिडकीच्या चौकटीभोवतीची फट, छज्ज्यावर पाणी साठतं तेही यातच. आणि तिसरी वरच्यांच्या बाथरूमची, नहाणी ट्रॅपच्या (सांडपाणी जातं त्या तोंडाच्या) भोवती किंवा टाइल्सच्या सांध्यांतून. पहिल्या दोन सोसायटीच्या, त्यासाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, कमिटीच्या मागे लागा. बाथरूमची गळती त्या त्या फ्लॅटवाल्याची. कुठून येतंय हे शोधायला प्लंबर साधी युक्ती करतो, वरच्या बाथरूमचा ट्रॅप बोळा घालून बंद करायचा, दोन-तीन इंच पाणी साठवायचं, भिंतीवर पेन्सिलने खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी बघायचं पाणी उतरलं का आणि खालचा डाग वाढला का. कितीतरी वेळा नुसतं सांधे खरवडून एपॉक्सी ग्राउट भरलं की काम होतं. त्यानंतर मात्र भिंत सुकू द्यायला लागते आणि इथेच लोक घाई करतात, प्लास्टरमध्ये पाणी असताना रंग मारला की क्षार बाहेर येतात, फुगे येतात आणि सगळा खर्च परत. म्हणून ज्याला दिवाळीला विकायचंय त्याने गळतीचं काम मार्च ते मे मध्ये उरकावं, पाऊस आत येतो का ते त्याच पावसाळ्यात बघावं आणि रंग सप्टेंबरच्या शेवटी-ऑक्टोबरमध्ये लावावा. 

आता नीटनेटकं करण्याबद्दल, कारण त्यातही मला लिहायचंय. आपल्या लोकांचं घर विकायला काढलं तरी माळ्यावर तीन पिढ्यांचं सामान तसंच. जुनी पत्र्याची ट्रंक, गाद्या, दिवाळीचे आकाशकंदील, मुलांची दहावीची पुस्तकं, फुटकी कुंडी, बंद पडलेला मिक्सर. ड्राय बाल्कनीत पाय ठेवायला जागा नसते. घेणारा येतो तेव्हा तो खोली बघायला येतो आणि त्याला दिसतं सामान. साडेसहाशे चौरस फूट कार्पेटचा (भिंती सोडून आतल्या जागेचा) टू बीएचके आहे, आहे त्याहून लहान वाटला तर तो पाच मिनिटांत परत फिरतो, असं मी शंभरदा बघितलंय. सामान आधी काढा, विकण्याच्या निर्णयानंतर पहिलं काम तेच. मला माहितीय की आई-वडील गेल्यावर त्यांची कपाटं उघडणं सोपं नसतं, आमच्याकडे एक मुलगी अमेरिकेतून आली ती पंधरवडाभर नुसती वडिलांच्या टेबलासमोर बसून होती, तर तिला मी म्हटलं की घाई करू नकोस, घर दोन महिन्यांनी दाखवू. त्यासाठी वेळ ठेवा. सुट्टी काढून दहा दिवसांत सामान, रंग, कागद आणि गिऱ्हाईक असं सगळं होत नाही.

सामान निघालं की उजेड. जुन्या फ्लॅटची खरी श्रीमंती उजेड-वारा हीच आहे, तिन्ही बाजूंनी खिडक्या, समोर झाड, असं नव्या टॉवरमध्ये मिळत नाही. आणि आपण काय केलेलं असतं, तर खिडकीत जाळी, जाळीवर ग्रिल, ग्रिलमध्ये कुंड्या, आत जाड पडदा, आणि स्लायडिंगच्या काचेवर वर्षांची धूळ. काचा आणि जाळ्या धुवा, पडदे काढूनच ठेवा, बल्ब-ट्यूब सगळीकडे चालू पाहिजेत. कुठल्या खोलीत सकाळी ऊन येतं आणि कुठल्या दुपारी ते तुम्हाला माहितीच असतं, तर बघायला येणाऱ्याला ती वेळ द्या. लोक रविवारी दुपारी दोनला बोलावतात आणि घर तापलेलं असतं.

फरशी. मोझॅकची फरशी असेल तर कृपा करून त्यावर व्हिट्रिफाइड टाइल्स चढवू नका. मशीनने पॉलिश करून घ्या, जुनी मोझॅक पॉलिश झाली की इतकी सुंदर दिसते की हल्लीची तरुण मुलं मुद्दाम विचारतात की हे असंच ठेवता येईल का. टाइलवर टाइल चढवली की दारं खालून कापावी लागतात, बाथरूमचा उंबरठा बुडतो, आणि स्लॅबवर विनाकारण वजन. तसंच किचन. कडप्प्याचा ओटा असू दे, नळ गळका नको, सिंकखालचं कपाट कोरडं आणि झुरळांशिवाय असू दे. ब्रोकर सांगतो दोन-अडीच लाख घालून मॉड्युलर किचन करा, किंमत चढेल. माझ्या डोळ्यांसमोर तीन नवीन किचन घेणाऱ्याने सहा महिन्यांत फोडलीयत, एकाला ओटा पूर्वेला हवा होता, एकीला रंग आवडला नाही, एकाने तर सगळीच भिंत पाडायला काढली होती. पीओपीच्या फॉल्स सीलिंगचं तेच, शिवाय जुन्या स्लॅबखाली फॉल्स सीलिंग म्हटलं की समजूतदार माणूस पहिलं विचारतो की वर काय लपवलंय. ते पैसे वायरिंगवर घाला. नुसत्या स्विचच्या पट्ट्या मॉड्युलर बसवून आत चाळीस वर्षांची वायर तशीच, हेही झाकणंच आहे. चिनीमातीचे फ्यूज काढून एमसीबी आणि आरसीसीबी (बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारे स्विच) बसवा, अर्थिंग तपासून घ्या, त्या कामाचं बिल घराच्या कागदांच्या फाइलला लावा. त्याने फोटो चांगला येत नाही पण त्या घरात लहान मूल राहायला येणार असतं.

भिंत पाडून हॉल मोठा करायचा किंवा बाल्कनी आत घ्यायची, मग विकायचं, असा सल्लाही देतात. विकायच्या आधी हे अजिबात करू नका. मंजूर नकाशात आणि प्रत्यक्षात फरक दिसला की बँकेचा व्हॅल्युअर रिपोर्टमध्ये लिहितो आणि घेणाऱ्याचं लोन अडकतं, आमच्याकडे एक व्यवहार टोकन देऊन याच कारणाने मोडलाय. कॉलम-बीमला धक्का लागला तर खालच्या-वरच्या सगळ्यांनाच धोका.

फोटोंबद्दल तुमच्या लेखात वाइड अँगल लेन्स सुचवली होती. नको. फोटोत खोली लांबच लांब, आणि प्रत्यक्षात दहा बाय अकरा, मग माणूस दारातच नाराज होतो आणि पुढचं काहीच नीट बघत नाही. त्यापेक्षा कार्पेटचं माप स्वतः घेऊन लिहा, जुन्या करारात बिल्ट-अप (भिंतींसकट) असतं आणि जाहिरातीत ब्रोकर त्याहून मोठा आकडा टाकतो, हल्ली येणारे लेझर टेप घेऊन येतात, दोन मिनिटांत खरं काय ते कळतं. फोटोत घरातल्यांचे फोटो, मुलांची शाळेची सर्टिफिकेटं, औषधांच्या चिठ्ठ्या, कपाटाच्या चाव्या दिसू देऊ नका, तो फोटो कुठे कुठे फिरतो ते तुम्हाला कळत नाही.

बंद असलेल्या फ्लॅटबद्दल एक सांगायलाच हवं कारण हे कोणी लिहीत नाही. घर महिनोन् महिने बंद असलं की नहाणी ट्रॅपमधलं आणि कमोडमधलं पाणी सुकतं आणि ड्रेनेजचा वास आणि झुरळं सरळ घरात येतात. मग दार उघडलं की नाक धरावं लागतं आणि येणाऱ्याला वाटतं ड्रेनेजच खराब आहे. काही नाही, दर आठवड्याला कोणीतरी जाऊन प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतायचं, फ्लश करायचा, सगळे नळ गढूळ पाणी जाईपर्यंत सोडायचे, खिडक्या तासभर उघड्या ठेवायच्या. रूम फ्रेशनर मारून तो वास जात नाही, उलट संशय येतो. आणि विजेचं मीटर बंद करू नका, अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर घर दाखवलेलं मी पाहिलंय, काय किंमत येणार.

आता कागद. माझ्या मते घर सजवण्यातला सगळ्यात मोठा भाग हाच, कारण आवडलेलं घर लोक कागदावरून सोडतात. साखळीतले सगळे मूळ करार, इंडेक्स टू (करार नोंदवल्याचा सरकारी उतारा), शेअर सर्टिफिकेट, भोगवटा पत्र (महापालिकेचा इमारत वापरायचा दाखला), मेंटेनन्सची शेवटची पावती, मिळकतकराची पावती, लाइट बिल, आणि कर्ज फिटलं असेल तर बँकेचं तसं पत्र. यातलं एक जरी हरवलेलं असेल तर गिऱ्हाईक यायच्या आधी शोधा, पोलीस तक्रार आणि दाखल्याच्या नकला काढायला वेळ जातो. वडिलांच्या नावावर घर असेल आणि ते गेले असतील तर आधी वारसांचं बघा. नॉमिनी आहे म्हणजे मालक आहे असं नाही, सोसायटी नॉमिनीचं नाव लावते म्हणून विकता येईलच असं नाही, बाकीच्या वारसांची हक्कसोडपत्रं लागतात. भावा-बहिणींमध्ये हे बोलणं गिऱ्हाईकासमोर होऊ नये. आणि तीस वर्षांवरच्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांसाठीचे नमुना नियम, यांप्रमाणे दर तीन वर्षांनी करायचं असतं, त्याचा शेवटचा रिपोर्ट सोसायटीकडून मागून फाइलला लावा. कमिटीने तो द्यायला टाळाटाळ करू नये हे मी माझ्यासारख्या सेक्रेटरींनाही सांगतेय. ट्रान्सफर प्रीमियमचंही (फ्लॅट घेणाऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम) तसंच, महापालिका हद्दीत सरकारने २००१ मध्येच कमाल २५ हजार ठरवून दिलेत, त्यावर डोनेशन म्हणून मागणाऱ्या कमिट्या आहेत आणि ते चूक आहे.

आमच्याकडच्या एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी गेल्या वर्षी घर विकलं, त्यांनी या फाइलमध्ये एक पान स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं. पाणी कधी येतं, पार्किंग कॉमन आहे आणि रात्री नऊनंतर जागा मिळत नाही, २०१९ ला वरच्यांच्या बाथरूमची गळती होती ती दुरुस्त केली त्याचं बिल सोबत, मागच्या बेडरूमची खिडकी पावसात जोराचा वारा असला तर झिरपते, रिडेव्हलपमेंटची चर्चा आहे पण अजून बिल्डर ठरलेला नाही. ब्रोकर त्यांना म्हणाला बाई असं लिहून कोणी देतं का, गिऱ्हाईक पळेल. पळालं एक. दुसरं आलं त्या कुटुंबाने ते पान वाचलं, खिडकीच्या कामाचे थोडे पैसे कमी करून मागितले, बाईंनी दिले, आणि फार ओढाताण न होता खरेदीखत झालं. अजूनही ती माणसं बाईंना गणपतीला बोलावतात.

घेणाऱ्यांच्या बाजूनेही लिहिते. पुण्यात सात टक्के मुद्रांक शुल्क भरता, बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी, वर ३० हजारांपर्यंत रजिस्ट्रेशन, शिवाय ब्रोकर. एवढं देताना घर एकदाच रविवारी संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात बघू नका. दिवसा या, शक्य असेल तर पावसात या. ताजा रंग एकाच भिंतीला आहे का बघा, पॅनल आणि वॉलपेपरच्या मागे हात लावू द्या म्हणा, बेसिनखाली, कपाटाच्या मागे, खिडकीच्या कोपऱ्यात बघा, खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या बाथरूमचं छत बघायची परवानगी मागा. आणि सेक्रेटरीला विचारा की या फ्लॅटच्या गळतीचे अर्ज आलेत का. आम्ही सांगू, निदान मी तरी सांगते, मग ब्रोकर कितीही रागावला तरी.

तुम्हाला एवढीच विनंती आहे की पुरवणीत पडदे-कुंड्यांबरोबर वॉटरप्रूफिंग करणारा इंजिनिअर, रजिस्ट्रेशनचं काम करणारा वकील आणि बँकेचा व्हॅल्युअर यांनाही लिहायला सांगा, आणि ते मे महिन्यात छापा, म्हणजे पावसाआधी लोकांच्या हातात वेळ असेल.

आपली नम्र,
एका गृहरचना सोसायटीची सेक्रेटरी,
कोथरूड, पुणे